सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर पिकलबॉल : प्रकल्प नोंदी

पिकलबॉल म्हणजे नेटच्या दोन बाजूंनी पॅडलने, म्हणजे सपाट फळीसारख्या बॅटने, भोकं असलेला प्लास्टिकचा बॉल मारायचा खेळ.

काम : पुण्यातल्या एका सोसायटीच्या पोडियमवरचं उघडं सिमेंटचं बॅडमिंटन कोर्ट पिकलबॉलसाठी तयार करणं आणि पॅडल कधी हातात न घेतलेल्या सभासदांना डबल्सपर्यंत आणणं. बॅडमिंटन बंद होणार नाही, ही कमिटीची अट.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार. मोजणी

दोन्ही खेळांचं कोर्ट बाहेरून सारखंच आहे, २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब. त्यामुळे बाहेरच्या रेषा तशाच राहतात. मात्र सोसायट्यांमधली कोर्टं बऱ्याचदा अंदाजपंचे आखलेली असतात, म्हणून आधी कर्ण मोजून घेतले. पूर्ण कोर्टाचा कर्ण ४८ फूट ४ इंच यायला हवा, अर्ध्याचा (२० × २२ फूट) २९ फूट ८¾ इंच. दोन कर्णांत इंचभर फरक असला तरी खेळ अडत नाही. तीन-चार इंच निघाला तर चौकोन तिरका आहे, आणि मग सगळंच नव्याने आखलेलं बरं. इथे फरक अर्ध्या इंचाच्या आत आहे. टेप रेषेच्या बाहेरच्या कडेला धरायचा, कारण रेषेची जाडी कोर्टातच मोजली जाते.

खरी अडचण कोर्टाबाहेरच्या जागेची आहे. किमान ३० × ६० फूट मोकळं लागतं, म्हणजे बाजूंना पाच-पाच आणि मागे आठ-आठ फूट. ३४ × ६४ मिळालं तर उत्तम. इथे मागच्या बाजूंपैकी पूर्वेला नऊ फूट आहेत, पश्चिमेला भिंत साडेपाच फुटांवर. बॅडमिंटनमध्ये हे कधी जाणवलं नाही, कारण शटल टप्पा घेत नाही आणि मागच्या रेषेपलीकडे जायची वेळच येत नाही. पिकलबॉलचा बॉल मागच्या रेषेजवळ टप्पा घेऊन पुढे तीन-चार फूट सरकतो आणि खेळणारा त्याच्यामागे उलट्या पावलांनी जातो. पश्चिमेच्या भिंतीला सहा फूट उंचीपर्यंत फोमचं पॅडिंग लागेल, आणि तिथला सायकल स्टँड हलवावा लागेल. दोन्ही विषय कमिटीकडे दिले.

१२ ऑक्टोबर. पाण्याची चाचणी

पाइपने संपूर्ण कोर्ट भिजवलं आणि उन्हात तासभर सोडलं. त्यानंतरही ज्या डबक्यात रुपयाचं नाणं बुडतं ती जागा बुजवायची. अशा दोन जागा निघाल्या आणि त्यातली एक नेमकी नेटपासून सात फुटांवर, जिथे खेळाडू सर्वात जास्त वेळ उभे राहणार आहेत. पॉलिमर मिसळलेलं सिमेंट मॉर्टर भरून कडा घासून सपाट केल्या. कडा उंच राहिली तर बॉल तिथून भलतीकडे उडतो. भरलेल्या जागेवर लगेच रंग चढवायचा नाही, ओल वर येऊन पापुद्रे सुटतात. एरवीही दिवाळीत याच कोर्टावर फटाके वाजतात, तेव्हा रंगाचं काम भाऊबीजेनंतरच.

१८ ऑक्टोबर. खरेदी

पॅडल आठ. एका वेळी चौघंच खेळणार असले तरी बाहेर बसलेल्यांच्या हातातही पॅडल हवं, नाहीतर ती मंडळी फोन काढतात.

नवशिक्यांसाठी ठरवलेली मापं अशी. गाभा पॉलिप्रोपिलीन हनीकोंबचा, जाडी १६ मिमी. १३ मिमीच्या पॅडलवरून बॉल जोरात सुटतो, १६ मिमीचं तो थोडा जिरवतं, आणि नव्या हाताला ताकदीपेक्षा ताबा हवा असतो. वजन २२० ते २३० ग्रॅम. मूठ सव्वाचार इंच घेराची किंवा त्याहून किंचित कमी. मूठ बारीक असेल तर ओव्हरग्रिप गुंडाळून वाढवता येते, जाड असेल तर कमी करता येत नाही. परीक्षा सोपी आहे : पॅडल धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. नियमाप्रमाणे लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या आत आणि लांबी १७ इंचांच्या आत असावी लागते. बाजारातली बहुतेक पॅडलं यात बसतात.

लाकडी पॅडलचा सेट स्वस्त पडतो, पण घेतला नाही. लाकडी पॅडल जड असतं, बॉल लागल्याचा झटका सरळ कोपरात जातो, आणि कोपर दुखलेला सभासद परत येत नाही. मधल्या किमतीचं एक चांगलं पॅडल दोन लाकडी पॅडलांपेक्षा जास्त माणसं टिकवतं.

बॉल चोवीस, सगळे ४० भोकांचे, बाहेर खेळायचे. २६ भोकांचा बॉल मऊ असतो, भोकं मोठी असतात, तो बंदिस्त हॉलसाठी. उघड्यावर वारा त्याला कुठेही नेतो. बॉलचं वजन २२.१ ते २६.५ ग्रॅम आणि व्यास ७३ ते ७५.४ मिमी. प्रमाणित चाचणीत ७८ इंचांवरून ग्रॅनाइटवर सोडला की तो ३० ते ३४ इंच उसळायला हवा. सिमेंटवर तंतोतंत जुळणार नाही, पण साडेसहा फुटांवरून सोडलेला बॉल नेटच्या उंचीच्या बराच खाली राहिला तर तो खेळातून काढायचा.

पॅडल उन्हातल्या गाडीत ठेवू नयेत, ही सूचना पेटीवरच चिकटवली. उष्णतेने चिकटद्रव ढिला पडतो, पृष्ठभाग गाभ्यापासून सुटतो आणि मग त्या जागी बॉल मारला की भद्द आवाज येतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार. रेषा

फटाक्यांचे काळे डाग तारेच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढले. त्यानंतर आखणी.

नवीन रेषा दोनच लागतात, नेटपासून सात फुटांवर, दोन्ही बाजूंना प्रत्येकी २० फूट. नेट आणि ही रेषा यांच्यामधला पट्टा म्हणजे किचन. पंचाईत अशी की बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा तिथेच आहे. तिची नेटकडची कड १.९८ मीटरवर आणि बाहेरची २.०२ मीटरवर असते. पिकलबॉलची रेषा दोन इंच जाड, बाहेरची कड ७ फुटांवर म्हणजे २.१३ मीटरवर. दोन रेषांमध्ये जेमतेम अडीच इंच फट उरते. व्हॉली, म्हणजे टप्प्याआधीच मारलेला बॉल, किचनमध्ये पाय ठेवून चालत नाही. दोन्ही रेषा पांढऱ्या असत्या तर प्रत्येक व्हॉलीनंतर पायाखाली कोणती रेषा होती यावर वाद झाला असता. म्हणून नवीन रेषा पिवळी.

काही सोसायट्या हे काम टाळून बॅडमिंटनचीच रेषा किचनची मानतात. घरगुती खेळाला ते चालून जातं. पण पायांना साडेसहा फुटांची सवय लागते आणि दुसऱ्या कोर्टावर गेल्यावर तीच माणसं वारंवार फॉल्ट देतात.

सात फूट मोजायचे ते कोर्टाच्या मध्यापासून. लटकत्या नेटपासून मोजू नये, ते वाऱ्याने झुकलेलं असतं. मागच्या रेषेपासून आत १५ फूट मोजूनही तीच जागा आली पाहिजे, आली. मग निळीची लाइनदोरी मारली.

बाकी आतल्या रेषांचं काय करायचं? मधली रेषा बॅडमिंटनचीच वापरायची. तिचं पुढचं टोक किचनमध्ये सहा इंच घुसतं, तिकडे दुर्लक्ष करायचं. मागून अडीच फूट आत असलेली बॅडमिंटन डबल्सची सर्व्हिस रेषा आणि बाजूंनी दीड फूट आत असलेल्या सिंगल्सच्या रेषा पिकलबॉलमध्ये नाहीतच. सिंगल्स असो की डबल्स, पूर्ण कोर्ट वापरतात. जुने बॅडमिंटन खेळाडू मात्र त्या रेषा पाहून चांगला बॉल ‘आउट’ म्हणून सोडतात.

कोरं कोर्ट असतं तर एकूण १९८ फूट रेषा काढाव्या लागल्या असत्या.

२६ ऑक्टोबर. रंग

अ‍ॅक्रिलिक लाइन पेंट. ऑइलपेंट नको, दव पडलं की पाय सरकतो आणि वर्षभरात सोलतोही. मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या दोन इंचांचं अंतर ठेवून चिकटवल्या. आधी टेपच्या कडांवरून कोर्टाच्याच रंगाचा पातळ हात फिरवला. टेपखालच्या बारीक फटी त्याने भरतात आणि पिवळा रंग बाहेर पाझरत नाही. त्यावर पिवळ्याचे दोन हात. दुसरा हात पूर्ण वाळायच्या आत टेप काढली, वाळल्यावर काढली असती तर कडेचे तुकडे सोबत आले असते. अर्ध्या लिटरच्या डब्यातला बराच रंग उरला.

१ नोव्हेंबर. नेट

कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४ इंच. मापासाठी पीव्हीसी पाइपचा ३६ इंची तुकडा कापून त्यावर ३४ वर खूण केली, तो नेटच्या पिशवीतच राहील.

बॅडमिंटनचंच नेट खाली ओढून बांधायचं का, हा प्रश्न सगळीकडे निघतो. सरावापुरतं चालतं. ते अडीच फूट खोल असतं, म्हणजे वरची कड ३६ इंचांवर बांधली की खाली सहा इंच मोकळे राहतात आणि तीन इंची बॉल खालून निसटतो. जोरातला फटका वरून गेला की खालून, हे कधी कधी खरंच कळत नाही. शिवाय बॅडमिंटनचे खांब २० फुटांवर, बाजूच्या रेषेवरच असतात. पिकलबॉलचे २२ फूट अंतरावर, रेषेबाहेर एकेक फूट हवेत. म्हणून चाकांचं फिरतं नेट घेतलं. ते लावताना मधला आधार शेवटी बसवायचा. आधी बसवला तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा येत नाही आणि मध्यभागी ३४ ऐवजी ३५-३६ इंच भरतात. तो इंच-दोन इंच नवशिक्याला भोवतो, कारण हळू मारलेले सगळे बॉल मधूनच जातात.

हे सगळं जुगाड वाटायचं कारण नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला तो घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच. नेटही आधी ६० इंचांवर होतं. बॉल चांगला उसळतो म्हटल्यावर ते ३६ वर आणलं. भारतात मुंबईच्या सुनील वालावलकरांनी तो रुजवला आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली.

२ नोव्हेंबर, रविवार. पहिलं सत्र

सुरुवात सर्व्हपासून केली नाही. नवशिक्याला आधी सर्व्ह शिकवली की तो मागच्या रेषेवर उभा राहून जोरात मारायलाच शिकतो. चौघांना पिवळ्या रेषांमागे समोरासमोर उभं केलं आणि बॉल एका किचनमधून दुसऱ्या किचनमध्ये टप्पा घेईल एवढाच हलका ढकलायचा. याला डिंक म्हणतात. गुडघे वाकलेले, पॅडल छातीसमोर, बॉल शरीराच्या पुढे गाठायचा, हालचाल खांद्यातून, मनगट स्थिर. मुठीचा जोर दहापैकी तीन-चार. मूठ आवळली की पॅडल कडक होतं आणि बॉल वर उडतो, समोरच्याला आयता फटका मिळतो.

सरळ जमल्यावर तिरकं. तिरकं खरं तर सोपं आहे. समोरासमोर दोन किचन मिळून १४ फूट जागा मिळते, तिरकी साडेचोवीस फुटांच्या आसपास, आणि बॉल नेटच्या मधल्या, दोन इंच खालच्या भागावरून जातो.

८ नोव्हेंबर. सर्व्ह आणि दोन टप्पे

सर्व्ह खालून वर जाणाऱ्या हाताने, बॉल बेंबीच्या खाली लागला पाहिजे, पॅडलचं डोकं मनगटाच्या वर नको. या तीन अटी एकदम सांभाळताना नवे लोक गोंधळतात. त्यांना ड्रॉप सर्व्ह द्यावी : बॉल हातातून नुसता सोडायचा, खाली आपटायचा नाही की वर फेकायचा नाही, टप्पा घेऊन वर आला की मारायचा. या सर्व्हला वरच्या तीन अटी लागू नाहीत. बॉल मारण्याच्या क्षणी पाय मात्र मागच्या रेषेला टेकलेला नको. संधी एकच, टेनिससारखी दुसरी मिळत नाही. नेटला घासून योग्य चौकोनात पडली तर खेळ चालू राहतो. किचनच्या रेषेवर पडलेली सर्व्ह फॉल्ट, बाकी कोणत्याही रेषेवर पडलेली चांगली.

सर्व्ह समोर टप्पा घेणार, आणि परतलेला बॉलही सर्व्ह करणाऱ्या जोडीकडे टप्पा घेणार. त्यानंतरच व्हॉली. सर्व्ह केल्या केल्या पुढे धावत सुटणं ही इथली सर्वात मोठी सवय. परतलेला खोल बॉल पायात येतो आणि टप्प्याआधीच मारला जातो. सर्व्ह करणाऱ्या दोघांनीही मागेच थांबायचं. उलट परतवणाऱ्याने खोल मारून लगेच पिवळ्या रेषेपर्यंत यायचं.

९ नोव्हेंबर. किचनचे नियम

‘किचनमध्ये जायचंच नाही’ ही समजूत चुकीची आहे. कधीही जाता येतं, टप्पा पडलेला बॉल तिथून मारताही येतो. बंदी फक्त व्हॉलीला. पाय आत असताना, किंवा रेषेला टेकलेला असताना, टप्प्याआधी बॉल मारला की फॉल्ट. व्हॉलीच्या झोकात नंतर पाय आत गेला तरी फॉल्ट, मग बॉल तोवर मेलेला असो. त्या झोकात टोपी किंवा चष्मा आत पडला तरी तेच. आत गेलेल्याने पुन्हा व्हॉली मारण्याआधी दोन्ही पाय बाहेर टेकवलेले हवेत. पॅडल हवेत किचनवर आलं तर चालतं.

रेषेला चिकटून उभं राहू नये, दोन-तीन इंच मागे राहावं.

गुणमोजणीसाठी डबल्समध्ये तीन आकडे : आपले गुण, समोरच्यांचे गुण, आपल्यातला सर्व्ह करणारा पहिला की दुसरा. ‘चार-दोन-एक’. गुण फक्त सर्व्ह करणाऱ्यांना मिळतात, डाव ११ चा, दोनच्या फरकाने. सुरुवात ‘शून्य-शून्य-दोन’ ने होते, कारण सर्वात आधी सर्व्ह करणाऱ्या जोडीला पहिल्या खेपेला एकच सर्व्हर मिळतो. नाहीतर सुरुवातीलाच त्यांचा फार फायदा झाला असता. कोण कुठे उभं राहायचं हे विसरलं तर एक खूण : आपले गुण सम असतील तेव्हा डावाच्या सुरुवातीला ज्याने सर्व्ह केली तो उजवीकडे असतो, विषम असतील तेव्हा डावीकडे.

१५ नोव्हेंबर. जुन्या खेळांच्या सवयी

बॅडमिंटनवाले मनगट मारतात. शटल हवेत मंदावतं म्हणून तिथे ते लागतं, इथे बॉल मागच्या रेषेबाहेर जातो. त्यांना आठवडाभर फक्त डिंक. टेनिसवाले मागेच रेंगाळतात आणि हात पार पाठीमागे नेतात. नेटजवळ तेवढा वेळ नसतो, तेव्हा पॅडल खांद्यामागे जायला नको एवढंच त्यांना सांगायचं. टेबल टेनिसवाल्यांचे हात सर्वात आधी जुळतात, पाय सर्वात शेवटी. क्रिकेटवाले बॉल आडवा ओढतात, त्यामुळे पॅडलचा चेहरा फिरतो आणि सरळ मारलेला बॉल शेजारच्या बागेत. कोणताच खेळ न खेळलेले बहुधा आधी शिकतात, त्यांना काही विसरायचं नसतं.

१६ नोव्हेंबर. बूट आणि पडणं

धावायचे बूट घालून खेळू देत नाही. त्यांचा तळवा उंच आणि मऊ असतो, पाय बाजूला टाकला की घोटा मुरगळतो. रबरी सपाट तळव्याचे बॅडमिंटनचे बूट चालतात.

डोक्यावरून गेलेल्या बॉलमागे उलट्या पावलांनी पळायचं नाही, हे ज्येष्ठांना दर सत्रात सांगायचं. तोल मागे गेला की माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. आधी वळायचं, मग बाजूने पावलं टाकत जायचं. साठीपुढच्यांना लॉब, म्हणजे असा डोक्यावरून उंच मारलेला बॉल, सोडून द्यायची मुभा, एक गुण गेला तर गेला. खेळण्याआधी पिंढऱ्या आणि टाचेमागची शीर ताणायला पाच मिनिटं.

२२ नोव्हेंबर. आवाजाची तक्रार

बी विंगमधून तक्रार आली, आणि ती रास्त आहे. कडक प्लास्टिक कडक पॅडलवर आपटल्याचा ‘टॉक’ आवाज साधारण हजार-बाराशे हर्ट्झचा असतो आणि कानाला टोचतो. निवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण ती सरासरीची. सुटे सुटे टॉक सरासरीत बुडून जातात, माणसाच्या डोक्यात नाही. मीटर दाखवून वाद जिंकता येईल, शेजारी जिंकता येणार नाहीत.

ठरलं ते असं : सकाळी सातच्या आधी आणि रात्री साडेआठनंतर फक्त फोमचा बॉल. तो मंद जातो, उसळीही वेगळी, पण डिंकच्या सरावाला पुरेसा आहे. दुपारी दोन ते चार कोर्ट बंद. झाडांच्या कुंड्या लावायची सूचना आली होती, त्याने आवाज अडत नाही. दोन इमारतींमध्ये आवाज घुमतो त्यावर उपाय जड आवाजरोधक पडद्याचा आहे, त्याचं अंदाजपत्रक मागवलं.

२९ नोव्हेंबर. तिसरा फटका

सर्व्ह पहिला फटका, तिचं परतणं दुसरा, मग हा तिसरा. खेळ इथे बदलतो. सर्व्ह करणारी जोडी मागे अडकलेली, समोरची जोडी पिवळ्या रेषेवर. इथे जोरात मारलं तर समोरचा खाली दाबतो. बॉल समोरच्या किचनमध्ये अलगद पाडायचा, तो समोरच्यांना नेटच्या उंचीखालून उचलावा लागतो, तेवढ्या वेळात आपण पुढे येतो. सराव किचनच्या रेषेवरून सुरू करायचा आणि एकेक पाऊल मागे जायचं. पाचांपैकी तीन पडले की पुढचं पाऊल. मधल्या पट्ट्यात पोचल्यावर बहुतेकांचे बॉल नेटमध्ये जातात, कारण ते बॉल वर चढत असतानाच गाठतात. बॉल खाली येऊ द्यायचा आणि त्याचा सर्वोच्च बिंदू आपल्याच बाजूला, नेटच्या अलीकडे राहील असा उचलायचा. पुढे येताना धावत राहू नये, समोरचा मारायच्या क्षणी पाय थांबलेले हवेत.

दोघांनी दोरी बांधल्यासारखं एकत्र सरकायचं. मधून जाणारा बॉल ज्याचा फोरहँड मध्यावर येतो त्याचा, हे सर्व्हआधीच बोलून घ्यायचं.

६ डिसेंबर. दव, फुटके बॉल, बाकी कामं

पहाटेचं दव आठपर्यंत राहतं. वायपर फिरवून पाच मिनिटं थांबायचं, ओल्या पिवळ्या रेषेवर तर मुळीच पाय टाकायचा नाही. थंडीत बॉल लवकर तडकतात. तडा भोकापासून भोकापर्यंत जातो, आवाज बोदा होतो. उन्हाळ्यात उलट, मऊ पडून लंबगोल होतील. बोटांवर फिरवून पाहिला की डगमगणारा लगेच कळतो. चोवीसपैकी पाच बाद, नवे डझनभर मागवायचे.

गर्दी वाढल्यामुळे रांगेसाठी कठड्यावर पॅडल ओळीने ठेवायचे. डाव संपला की चौघं बाहेर, पुढची चार पॅडलं आत. जिंकणाऱ्यांना थांबू दिलं की नवे लोक तासभर बसून घरी जातात, म्हणून ते बंद.

बाकी : पश्चिमेच्या भिंतीचं पॅडिंग अजून नाही. सायकल स्टँड हलला आहे. पॅडिंग येईपर्यंत त्या बाजूला खोल लॉब मारायचा नाही, मारला तर गुण समोरच्याला.